शाळेच्या बागेत गवत की पाइन?

शाळेला नवे कुंपण झाले, थोडीफार देणगी मिळाली की पहिला प्रश्न येतो तो बागेचा. फाटकाच्या दोन्ही बाजूंना काय लावायचे? अलीकडे दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक म्हणजे 'ख्रिसमस ट्री' या नावाने रोपवाटिकेत मिळणारे, मजल्यामजल्याने वाढणारे पाइनसारखे झाड. दुसरे म्हणजे झुपक्याने वाढणारे, वाऱ्यावर तुरे डोलवणारे शोभेचे गवत. महामार्गांच्या दुभाजकांवर आणि हॉटेलांच्या दारात दोन्ही पाहून पाहून आपल्या सवयीची झाली आहेत.

दोन्ही दिसायला छान असतात, तेव्हा निवड आवडीनिवडीची आहे असे कोणी म्हणेल. आमच्या मते ती तशी नाही. शाळेजवळ पाणी मोजके असते, पैसे त्याहून मोजके, आणि लावलेले रोप जगले की मेले हे शेकडो मुले रोज पाहत असतात. म्हणून हा प्रश्न आपण एका ठरावीक गावात नेऊन सोडवू या. गाव घेऊ निफाड तालुक्यातील, गोदावरीच्या काठचे सायखेडा. तिथली जमीन, तिथले पाणी आणि तिथला पूर या तिघांसमोर गवत आणि पाइन यांना उभे करू.

आधी ओळख पटवू

बोलीभाषेत 'पाइन' हे नाव फार सैलपणे वापरले जाते. खरा पाइन म्हणजे चिडाचे कूळ. त्याची पाने सुईसारखी लांब असतात आणि दोन, तीन किंवा पाच सुया एकत्र बांधल्यासारख्या उगवतात. हिमालयातील चिडाला तीन-तीन सुयांचे जुडगे असते. रोपवाटिकेतला 'ख्रिसमस ट्री' बहुधा खरा पाइन नसतो. तो ऍरॉकेरिया, म्हणजे पॅसिफिक महासागरातील बेटांवरून जगभर गेलेला पाइनचा दूरचा भाऊबंद. शाळाशाळांतून दिसणारी मोरपंखी हीसुद्धा याच सूचिपर्णी गटातली. कोकणच्या किनाऱ्यावरचे सुरू मात्र या गटातले मुळीच नाही. ते फुलझाड आहे. त्याची 'सुई' म्हणजे पान नसून हिरवी बारीक डहाळी असते. ती ओढली की पेरापेरांवर तुटते आणि प्रत्येक पेरावर खवल्यांसारख्या इवल्या पानांचे कडे दिसते. भिंग असेल तर हा तास वर्गात अवश्य घ्यावा.

सूचिपर्णी वृक्ष अनावृतबीजी आहेत. त्यांना फूल नाही, फळ नाही. शंकूच्या खवल्यावर बी उघडे असते. गवत हे एकदलिकित फुलझाड. त्याला फुले येतात, पण ती वाऱ्याच्या भरवशावर परागण करणारी असल्यामुळे त्यांना रंग नाही, गंध नाही आणि आपले लक्षही नाही. ज्या तुऱ्यासाठी आपण शोभेचे गवत लावतो तो तुरा म्हणजे शेकडो लहान फुलांचा समूह असतो.

वयाने पाइन वडीलधारा. पाइनचे सर्वांत जुने जीवाश्म तेरा-चौदा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. गवत त्या मानाने तरुण, पण किती तरुण, याचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच सापडला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील सिलिकाचे सूक्ष्म कण तपासले आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या कणांत गवताच्या किमान पाच प्रकारांचे अवशेष होते. म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर नष्ट होण्याआधीच, या भूमीवर गवत होते. त्याच विष्ठेत सूचिपर्णी झाडांचेही कण मिळाले. आज आपण ज्यांची तुलना करीत आहोत ते दोघे त्या काळी एकाच प्राण्याच्या पोटात गेले होते!

पुढे मात्र वाटा फुटल्या. गवत दख्खनच्या पठारावर फोफावले. सूचिपर्णी वृक्ष इथून जवळजवळ नाहीसे झाले. आज महाराष्ट्रात नैसर्गिकरीत्या उगवणारा एकही सूचिपर्णी वृक्ष नाही. सबंध द्वीपकल्पात असा मूळ रहिवासी वृक्ष एकच, आणि तो पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या ओल्या जंगलात आहे. असे का झाले असेल याचे काही धागे आपल्याला सायखेड्याच्या मातीत सापडतील.

मातीची परीक्षा

गोदाकाठची जमीन खोल काळी. या मातीतल्या चिकणमातीच्या खनिजांच्या थरांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. पावसाळ्यात मातीतली छिद्रे पाण्याने भरली की हवेला जागा उरत नाही. शिवाय ही माती किंचित अल्कधर्मी असते आणि तिच्यात चुनखडीचे खडे सापडतात.

पाइनला यातले जवळजवळ काहीच मानवत नाही. त्याला आम्लधर्मी, पाण्याचा झटकन निचरा होणारी, डोंगरउताराची जमीन हवी. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. पाने पिवळी पडतात. निफाडच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. द्राक्षबागेत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी पाने त्यांनी पाहिलेली असतात, आणि असल्या जमिनींसाठी डॉगरिजसारख्या खुंटावर द्राक्षाचे कलम का करतात तेही घरात ऐकलेले असते. द्राक्षाला आपण खुंट बदलून दिला. शाळेतल्या पाइनला तो कोण देणार?

दुसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी. पाइनची मुळे एकटी काम करीत नाहीत. ठरावीक जातींच्या बुरशा मुळांभोवती आवरण करतात आणि दूरवरचे पाणी व फॉस्फरस त्यांना आणून देतात. बदल्यात झाड बुरशीला साखर देते. या जोडीला कवकमूळ म्हणतात. वेस्ट इंडीजमधील पोर्टो रिको बेटावर वर्षानुवर्षे पाइनची रोपे लावली जात होती आणि खुरटून मरत होती. १९५० च्या दशकात पाइनच्या जंगलातील माती आणून रोपांना दिली, तेव्हा ती जोमाने वाढू लागली. उणीव खताची नव्हती, सोबत्याची होती. गोदाकाठच्या उसाच्या आणि कांद्याच्या रानात पाइनचा हा सोबती मिळणे कठीण. (ऍरॉकेरियाचे सोबती वेगळ्या प्रकारचे आणि बहुतेक शेतजमिनींत आढळणारे असतात. म्हणून ते झाड आपल्याकडे कुंडीत किंवा चांगल्या निचऱ्याच्या जागी तग धरते आणि खरा पाइन धरत नाही.)

गवताला ही माती परकी नाही. त्याला एक सोटमूळ नसून हजारो तंतुमुळे असतात. भेग पडली तर त्यातली काही तुटतात, बाकीची काम चालू ठेवतात. ज्वारी, बाजरी, ऊस, गहू ही सगळी गवतेच आहेत आणि सायखेड्याचा शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत घेत आला आहे.

पाण्याचा हिशेब

'पाइनची पाने सुईसारखी, म्हणून त्याला पाणी कमी लागते' असे विद्यार्थी नेहमी लिहितात. निम्मे बरोबर आहे. सुईवर मेणाचा जाड थर असतो, पर्णरंध्रे खोल खळग्यांत असतात, त्यामुळे बाष्पोच्छ्वास मर्यादित राहतो. पण ही व्यवस्था मुख्यतः गोठलेल्या जमिनीतून पाणी न मिळण्याच्या काळासाठी उपयोगी ठरते. शिवाय झाड बारमाही हिरवे आणि सुया लक्षावधी. थेंबे थेंबे खर्च मोठा होतो. दक्षिण आफ्रिकेत डोंगरांवरच्या झुडपी रानात पाइन लावल्यावर ओढ्यांचे पाणी घटले, हे तिथल्या दीर्घकाळच्या मोजमापांनी दाखवून दिले. १९९५ साली त्या सरकारने पाणी वाचवण्यासाठी पाइनसह परकी झाडे तोडण्याची मोहीमच सुरू केली.

उष्ण प्रदेशातील बहुतेक गवतांकडे पाणी वाचवण्याची वेगळी युक्ती आहे. प्रकाशसंश्लेषणात हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर उन्हात गोंधळते आणि त्याऐवजी ऑक्सिजन पकडते; मग झाडाची मेहनत वाया जाते. ऊस, ज्वारी, बाजरी आणि वाळा यांनी यावर तोड काढली आहे. ते आधी चार कार्बन अणूंचे एक संयुग बनवतात आणि त्याद्वारे कार्बन डायऑक्साइड पानाच्या आतल्या पेशींत दाटीवाटीने भरतात. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसावर प्रयोग करून ही साखळी उलगडली. याचा फायदा असा की पर्णरंध्रे थोडी उघडली तरी काम भागते. ढोबळमानाने, एक ग्रॅम कोरडा भार तयार करायला अशा वनस्पतीला अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम पाणी लागते. साध्या मार्गाने जाणाऱ्यांना त्याच्या जवळजवळ दुप्पट. पाइन साध्या मार्गाचा. गहूही साध्या मार्गाचा, म्हणूनच त्याला निफाडची कडाक्याची थंडी मानवते आणि बाजरीला पावसाळ्याचा उकाडा.

आणखी एक फरक आहे. उन्हाळ्यात गवत वरून वाळते आणि जमिनीलगत जिवंत राहते. शाळेला सुट्टी असते तेव्हा तेही जणू सुट्टीवर जाते. पाइनला सुट्टी नसते. मे महिन्यात पाणी घालायला कोणी नसले तर कोवळे रोप सरळ मरते, आणि जूनमध्ये मुलांना काडी दिसते.

वाढ कुठून होते?

झाड आणि गवत यांच्यातला मूलभूत फरक वाढीच्या जागेत आहे. पाइनचा मुख्य वृद्धिबिंदू शेंड्याला असतो. शेळीने किंवा क्रिकेटच्या चेंडूने शेंडा मोडला की झाडाचा घाट बिघडतो. पाने झडलेल्या जुन्या फांदीवर बहुतेक पाइनांना नवी पालवी फुटत नाही, त्यामुळे चुकीची छाटणी कायमची. ऍरॉकेरियाची गंमत तर त्याहून मोठी. त्याची बाजूची फांदी कापून लावली तर ती जगते, पण उभी वाढत नाही. जमिनीला समांतर आडवीच पसरत राहते. आपण फांदी आहोत हे ती जणू विसरत नाही.

गवताचे वृद्धिबिंदू बुडाशी आणि पेरांजवळ असतात. वरून कापले, चरले, तुडवले तरी खालून पाते पुढे सरकते. त्याच्या पेशींतील सिलिकामुळे पात्याची कड धारदार होते. पिसदुऱ्याच्या जीवाश्मांत उरले ते हेच सिलिकाचे कण. शंभर-दोनशे मुले ज्या बागेत खेळणार, तिथे कापल्यावर पुन्हा वाढणारी वनस्पती हवी की शेंडा मोडल्यावर रुसणारी, हा विचार महत्त्वाचा आहे.

पुराची परीक्षा

सायखेड्याची खरी कसोटी मात्र पुराची. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा आणि समोरच्या चांदोरीत शिरले. अशा वेळी दोन गोष्टी घडतात. बुडालेल्या मुळांचा प्राणवायू तुटतो आणि वाहते पाणी काठाची माती ओरबाडून नेते. ही माती पुढे जाऊन गोदावरी-कादवा संगमाजवळच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यात साठते. १९८६ साली अभयारण्य झालेले आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरलेले ते पाणथळ गाळानेच उथळ होत गेले आहे. म्हणजे सायखेड्यातील शाळेच्या मागची घसरलेली दरड ही शाळेपुरती बाब नाही.

बहुतेक पाइन पाण्यात उभे राहू शकत नाहीत, मुळे गुदमरतात. इथे आपल्या ओळखीचे एक गवत पुढे येते, ते म्हणजे वाळा. माठात टाकतो तो, पडद्यांचा आणि सरबताचा. तो ऊस, ज्वारी आणि गवती चहा यांचा सख्खा नातेवाईक. त्याची मुळे पसरण्याऐवजी सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंत. पाण्यात काही काळ बुडून राहिला तरी तो तगतो. ताठ खोडांची दाट ओळ पाण्याचा वेग कमी करते, गाळ ओळीमागे थांबतो, आणि त्या गाळातून गवत पुन्हा वर येते. कर्नाटकात गुंडलुपेट भागातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळा लावत आले होते. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या ग्रीनफिल्ड आणि ग्रिमशॉ या कृषितज्ज्ञांनी या गवताचा माती अडवण्यासाठी प्रसार केला, आणि १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यावर स्वतंत्र अहवाल काढला.

इथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. नदीने काठ खालून पोखरला तर वाळ्याची ओळ दरडीसकट कोसळेल. वाळा पाऊसपाण्याने होणारी झीज रोखतो, नदीचा प्रवाह वळवत नाही. उताराला आडव्या, समपातळीवर लावलेल्या ओळी उपयोगी. उताराच्या दिशेने लावलेल्या ओळी निरुपयोगी.

मग शोभेचे कोणतेही गवत चालेल का?

नाही. गवताची बाजू घेताना हा धोका लपवता येणार नाही. रोपवाटिकेत सहज मिळणारे 'फाउंटन' गवत आफ्रिकेतले आहे. त्याचे बी वाऱ्यावर उडते. हवाई बेटांवर शोभेसाठी नेलेले हे गवत माळरानांत आणि लाव्ह्याच्या उघड्या भूमीत घुसले आणि वणव्यांना इंधन झाले. युरोपीय संघाने २०१७ साली ते आक्रमक परक्या वनस्पतींच्या यादीत घातले. पांढऱ्या मोठ्या तुऱ्यांचे दक्षिण अमेरिकी पंपास गवत कॅलिफोर्नियात असेच डोईजड झाले. सायखेड्याशेजारी पक्ष्यांचे पाणथळ असताना असे उडत्या बियांचे पाहुणे आणणे शहाणपणाचे नाही. लागवडीतला दक्षिण भारतीय वाळा मात्र सहसा बी धरत नाही. तो ठोंबांनीच वाढवावा लागतो. म्हणून तो लावला तिथेच राहतो.

गवताने सावली मिळत नाही, हेही मान्य केले पाहिजे. सावलीसाठी पाइनही कामाचा नाही. त्यासाठी कडुनिंब, आणि पाणी येणाऱ्या बाजूला करंज, जांभूळ, उंबर हीच आपली झाडे. तेव्हा आमची शिफारस अशी: नदीकडच्या उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळी, फाटकाजवळ गवती चहा आणि मारवेल किंवा पवन्यासारख्या देशी गवतांचे झुपके, पटांगणाच्या कडेने देशी झाडे. सूचिपर्णी वनस्पती शिकवण्यासाठी एक मोरपंखी किंवा कुंडीतला एक ऍरॉकेरिया पुरे. वाळलेले गवत होळीच्या आधी कापून घ्यावे, म्हणजे आगीची भीती राहणार नाही. आणि दाट झुपके वर्गाच्या दारापासून दूर असावेत, कारण त्यांत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

वर्गासाठी चार प्रयोग

१. *पाण्याचा खर्च.* सारख्या तीन कुंड्या, सारखी माती. एकीत गवती चहा, दुसरीत मोरपंखी, तिसरी रिकामी. भरपूर पाणी घालून निथळू द्या. मग मातीचा पृष्ठभाग प्लास्टिकने झाका आणि कडा बांधा. सात दिवस ठरलेल्या वेळी वजन करा. रिकाम्या कुंडीची घट इतर दोघींतून वजा करा. शेवटी पाने तोडून त्यांचे वजन करा आणि पानांच्या दर ग्रॅममागे किती पाणी गेले ते काढा. नुसती एकूण घट पाहून निष्कर्ष काढला तर तो का फसवा ठरतो, यावर चर्चा घ्या.

२. *मातीची धूप.* प्लास्टिकच्या तीन बाटल्या आडव्या कापून माती भरा. एकीत गहू पेरून दहा-बारा दिवस वाढवा, दुसरीत वाळका पाचोळा पसरा, तिसरी उघडी ठेवा. सारखा उतार देऊन झारीने सारखे पाणी घाला आणि तोंडाशी येणारे पाणी ग्लासात धरा. एक रात्र ठेवून तळाचा गाळ मोजा.

३. *फिरणारे कुसळ.* कुसळी गवताचे पिळदार कुसळ कागदावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ सुटताना कुसळ फिरू लागते. उन्हात वाळले की पुन्हा पीळ बसतो. रानात याच हालचालीने बी जमिनीत रुतते.

४. *कलते झाड.* गावात किंवा नाशिकला उंच वाढलेला, सरळसोट बुंध्याचा ऍरॉकेरिया असेल तर ओळंबा आणि कोनमापक घेऊन त्याचा कल मोजा आणि होकायंत्राने दिशा पाहा. या गटातील 'कुक पाइन' उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे, म्हणजे विषुववृत्ताकडे कलतो, असे २०१७ साली पाच खंडांतील २५६ झाडे मोजून दाखवण्यात आले. सरासरी कल साडेआठ अंशांच्या आसपास होता आणि विषुववृत्तापासून जितके दूर तितका तो जास्त. याचे कारण अजून पक्के उलगडलेले नाही. सायखेडा सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तुमचे झाड कोणत्या दिशेला किती कलते ते मोजा. पण एका झाडावरून निष्कर्ष काढू नका. शेजारच्या गावांच्या शाळांनी मोजलेल्या झाडांचे आकडे मिळवून एकच तक्ता करा आणि तो दरवर्षी पुढच्या वर्गाच्या हाती द्या.